गिट्टी खदानीतलं पाणी, माती आणि कडा: मृगाआधी करायची कामं

नागपुरात गिट्टीखदान नावाची अख्खी वस्ती आहे. शहरानं खदान गिळली, नाव तेवढं मागं राहिलं. आता खदानी गावशिवारात सरकल्या आहेत. माळरानाचा दोन-चार हेक्टरचा तुकडा, एक पोकलेन, दोन टिप्पर, जवळच क्रशर, आणि उताराखाली कुणाची तरी सोयाबीन नाहीतर पऱ्हाटी. हा लेख अशा लहान खदानीच्या मालकासाठी आणि मेटसाठी, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्यासाठी, आहे. ज्याच्या धुऱ्यापलीकडे खदान आहे त्या शेतकऱ्यानंही तो वाचावा, कारण काय मागायचं ते त्याला कळलेलं बरं.

अमरावती-यवतमाळकडच्या खदानींवर मी बरीच वर्षं काढली. लोक म्हणतात खदानीचे तीन ताप: माती टाकायची कुठं, कडा ढासळतात, पावसात खड्डा भरतो. माझ्या मते ताप एकच आहे, पाणी. मातीचा ढीग पाण्यानं वाहतो, कडा पाण्यानं सुटतो. म्हणून खालची कामं मी पाण्याच्या क्रमानं लावली आहेत. वरून सुरुवात, खाली शेवट. हा क्रम उलटवला की आधीचं काम वाया जातं.

आधी खदानीच्या वर चाला

बहुतेक जण खड्ड्यापासून सुरुवात करतात. तुम्ही खड्ड्याकडे पाठ करा आणि चढाच्या बाजूनं वर जा, थेट पाणी दोन्हीकडे फुटतं त्या टेकाडाच्या कण्यापर्यंत. वाटेत पांदण कुठं उतरते, वाळलेला पालापाचोळा कुठं अडकलाय, मातीत बोटभर खोल ओघळ कुठं पडलेत, ते बघा. त्या शिवारात गुरं चारणाऱ्याला विचारा, ‘भाऊ, मोठ्या पावसात इथून पाय कुठं टाकता येत नाही?’ तो जी जागा दाखवेल तिथून तुमचं पाणी येणार आहे.

हे काम वैशाखात करा. अक्षय तृतीया ते मृग, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस हाती असतात. नंतर काळ्या मातीत जेसीबी नेलात तर तो काढायला दुसरा बोलवावा लागतो.

कागदांचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर ५ हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या खदानींनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. खनन आराखडा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी. तुमच्या आराखड्यात ‘गारलँड ड्रेन’, म्हणजे खदानीभोवतीच्या नालीची, निळी रेघ नक्की असेल. ती रेघ जमिनीवर कुठं आहे, हे मालकाला विचारलं तर निम्म्या वेळा तो सल्लागाराला फोन लावतो. आराखडा घेऊन एकदा जागेवर फिरा. पुष्कळदा ती रेघ चढावर जाताना दिसते आणि पाणी काही चढ चढत नाही.

पाण्याचा हिशेब

एक आकडा पाठ करा: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, १० घनमीटर. बाकी सगळा हिशेब यातूनच निघतो.

बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७००-८०० मिलिमीटर पाऊस, गडचिरोलीकडे त्याच्या दुपटीच्या जवळ. पण खदानीला वर्षाची बेरीज कामाची नसते. एका तासात किती कोसळलं त्यावर नालीचं माप ठरतं आणि एका दिवसात किती पडलं त्यावर खड्ड्याचं. मी नालीसाठी तासाला ६० मिलिमीटर धरतो आणि खड्ड्यासाठी दिवसाला १००. तुमच्या महसूल मंडळातल्या नोंदी याहून मोठ्या असतील तर त्या धरा. ‘महावेध’ या हवामान-नोंदींच्या प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळात बसली आहेत, पावसाचे आकडे मिळतात.

पडलेलं सगळं पाणी वाहत नाही. शेतातून ढोबळमानानं ४० टक्के, उघड्या दगडावरून ९० टक्के धरा. समजा खदानीच्या वर २ हेक्टर शेत आणि माळ उतरतो. २ हेक्टर, ६० मिलिमीटर, म्हणजे तासाला १,२०० घनमीटर. त्यातलं ४० टक्के ४८०. सेकंदाला भागलं की साधारण १३३ लिटर. हे पाणी तुमच्या कड्यावरून खाली उडी मारणार, नाहीतर नालीनं बाजूनं जाणार. दोन्हीतलं एक तुम्हाला आत्ता ठरवायचं आहे.

वरचा चर

वरच्या १३३ लिटरसाठी तळाला अर्धा मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल, दोन्ही बाजू ४५ अंशांत तासलेला चर पुरतो. वर पुरेशी जागा मोकळीही राहते. दर २०० मीटरला १ मीटर इतका उतार द्या. त्याहून तीव्र दिला तर पाणी चराचा तळच खात जातं. उतार डोळ्यांनी ठरवू नका. पाणलोटाच्या कामांमुळे गावोगावी उतार मोजायची ए फ्रेम किंवा पाण्याची नळी वापरणारी पोरं तयार झाली आहेत, त्यातल्या एकाला दिवसभर बोलवा.

चरातून निघालेली माती खदानीच्या बाजूला टाका, म्हणजे तिचाच बांध होतो. चढाच्या बाजूला टाकली तर पहिल्याच पावसात ती चरात परत येते. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण जेसीबीवाला जिकडे बकेट सहज वळते तिकडेच माती टाकतो.

आता काळ्या मातीची गोष्ट, जी आराखड्यात कधी लिहिलेली नसते. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी तडकते. अशा भेगाळ जमिनीत कड्याजवळ चर काढला की पहिला पाऊस चरातून वाहतच नाही, तो भेगांत उतरतो. खाली मुरमावर पोचतो, मुरमाच्या वरच्या अंगानं सरकत कड्यातून बाहेर येतो. लोक म्हणतात, ‘चर कोरडा आहे आणि कडा पाझरतोय.’ म्हणून काळी माती असेल तिथं चर कड्यापासून दूर न्या, मी १० मीटरच्या आत काढत नाही. तळात वीतभर मुरूम टाकून ओला करून धुमसा. मुरमाड जमिनीत एवढी कसरत नको.

चराचं तोंड कुठं सोडायचं यावरून जेवढी भांडणं तलाठ्यापर्यंत गेलेली पाहिली, तेवढी स्फोटाच्या हादऱ्यावरून नाही पाहिली. चर नाल्यातच सोडा. शेवटच्या चार-पाच मीटरला मोठे दगड हातानं बसवा, नाल्याच्या काठावर दगडांची पायरी करा. शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सोडणार असाल तर तो त्याच रात्री फावडं घेऊन चर बुजवेल, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

काळी माती वेगळी, मुरूम वेगळा

वरची कसदार माती उन्हाळ्यात, कोरडी असतानाच खरवडून काढा. ओली काढलीत तर ती ढेकळांची रास होते आणि तिच्यातला जीव जातो. ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच नको, वरून टिप्पर फिरवायचा नाही. पहिल्या पावसाबरोबर त्यावर ताग किंवा ढैंचा फेका. मातीही धरून राहते आणि नत्रही मिळतं. ही माती विकायची नाही. खदान बंद करताना बाहेरून माती आणायचा भाव काढून बघा, मग का ते कळेल.

त्याखालचा मुरूम आणि मांजऱ्या, म्हणजे तो छिद्राछिद्रांचा, पांढऱ्या गाठींचा ठिसूळ खडक, याचा ढीग वेगळा. मुरूम रस्त्याला आणि घरांच्या पायव्यात खपतो. रॉयल्टी भरून तो जेवढा बाहेर जाईल तेवढा चांगला. उरेल त्याची जागा नीट निवडा.

एका वर्षी आम्ही घाई केली. खड्ड्याच्या वरच्या अंगाला जागा जवळ होती, डिझेल वाचत होतं, म्हणून काळ्या मातीवरच, ती न काढता, मुरमाचा ढीग रचला. मालक खूश होते. जुलैत तीन दिवस झड लागली आणि चौथ्या रात्री ढीग ओल्या साबणावरून घसरावा तसा अख्खा खाली आला, खालच्या बेंचवर, म्हणजे दगडात कापलेल्या पायरीवर, कॉम्प्रेसरवर. त्या दिवशी बाजार होता, कामावर कोणी नव्हतं, म्हणून हे लिहायला मी बसलोय. भिजलेली काळी माती फुगते आणि तिच्यावरचं काहीही धरून ठेवत नाही. एवढं साधं, पण त्या दिवसापर्यंत मला ते फक्त शेतकरी म्हणून माहीत होतं, खदानवाला म्हणून नाही.

तर ढिगाची रीत अशी. जागेवरची काळी माती आधी काढा, ढीग मुरमावर किंवा दगडावर बसू द्या. नाल्यात नको, ओघळीच्या तोंडाशी नको, खड्ड्याच्या वरच्या अंगाला तर नकोच. खालच्या कडेला आधी मोठ्या दगडांचा बांध घाला, मीटर-सव्वा मीटर उंच, तळाला उंचीपेक्षा जास्त रुंद, सुका. सिमेंट लावू नका, पाणी त्यातून झिरपलं पाहिजे. बांधाच्या बाहेर छोटी नाली, ती निथळ टाकीकडे, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीकडे. मग माती थरांनी पसरत न्या. टिप्परनं वरून ओतलेला माल साधारण ३५-३७ अंशांवर आपोआप थांबतो आणि त्याला ‘बसला’ असं समजतात. तो बसलेला नसतो, टेकलेला असतो. पावसाआधी त्याला १ उभा २ आडवा एवढा सौम्य उतार द्या. माथा खदानीच्या नव्हे, नालीच्या बाजूला किंचित झुकवा.

उतारावर गवत लावायचं असेल तर वाळा आणि मारवेल. बांधाच्या ओळीत घायपात. वर करंज, कडुनिंब, सीताफळ, बोर. सुबाभूळ पटकन येते म्हणून सगळे लावतात, पण ती पुढं शेजारच्या शेतात शिरते आणि काढता निघत नाही.

कडा

पश्चिम विदर्भातला दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हाचे थरावर थर. घट्ट काळा दगड, खाली मांजऱ्या, मध्येच गेरूसारखी तांबडी पट्टी, पुन्हा घट्ट दगड. ही तांबडी पट्टी, भूशास्त्रवाले जिला रेड बोल म्हणतात, कोरडी असताना खडकासारखी वाटते. पाणी लागलं की तिचे खवले सुटतात. वरचा घट्ट दगड मग खालून पोकळ होतो आणि एके दिवशी कपाटासारखा पुढं येतो. नागपूरच्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे, दगड वेगळा. तिथं पट्ट्यापेक्षा सांधे बघायचे. सांध्याची पाटी खड्ड्याकडे कललेली असेल तर तिच्यावरचा दगड घसरायलाच बसलाय. कामाची दिशा बदला.

मापं १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समधल्या नियम १०६ मध्ये दिलेली आहेत. माती, मुरूम, भरावासारख्या मऊ थरात बाजू ४५ अंशांपेक्षा उभी नको, किंवा पायऱ्या करायच्या तर प्रत्येक पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. कठीण दगडात बेंच ६ मीटरपेक्षा उंच नको. काठापासून ३ मीटरच्या पट्ट्यात झाड, सुटा दगड, ढिगारा नको. आणि खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवायचा नाही. शेवटचा नियम सर्वात जास्त मोडला जातो, कारण पोकलेनला पायथ्याचा दगड काढणं सोपं असतं.

बेंचचा तळ आतल्या बाजूला, म्हणजे वरच्या कड्याच्या पायथ्याकडे, किंचित झुकलेला ठेवतात, म्हणजे पाणी काठावरून खाली ओतत नाही. पण त्या पायथ्यालाच तांबडी पट्टी असेल तर हे उलटतं. पाणी तिथंच साचून पट्टी भिजवतं. अशा ठिकाणी बेंचला लांबीच्या दिशेनं उतार द्या, पाणी टोकाला नेऊन सोडा, आणि पट्टीसमोर दगडाचा भराव रचा. पट्टी झाकली तर टिकते.

भेगा बघायला महागडं यंत्र नको. काठावर भेग दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, मधलं अंतर मोजून वहीत लिहा, भेगेवर चुन्याची रेघ ओढा. दर सकाळी बघा. रेघ तुटली किंवा अंतर वाढलं तर खालचा बेंच बंद, त्या दिवशी चर्चा नाही. भेगेत पाणी शिरू नये म्हणून मुरूम-माती ठासून वर ताडपत्री टाका, हे तात्पुरतं.

लूज, म्हणजे कड्यावरचे सुटे दगड, काढणं प्रत्येक स्फोटानंतर आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर. वरून खाली, कधीच खालून वर नाही. सब्बल घेणारा कमरेला दोर बांधून, आणि त्याच्या खाली कोणी नाही. पावसातच धोका असतो असं समजू नका. झड थांबून दोन दिवस ऊन पडलं की भिजलेली माती आकसते, आणि दगड तेव्हाही सुटतात.

खड्ड्याचा तळ आणि निथळ टाकी

वरचं पाणी बाहेर वळवलं तरी खड्ड्यात थेट पडणारं पाऊस-पाणी राहतंच. १ हेक्टरचा खड्डा, दिवसाला १०० मिलिमीटर, ९० टक्के: ९०० घनमीटर. तळ एका कोपऱ्याकडे उतरता ठेवा, तिथं संप, म्हणजे पाणी गोळा करायचा खड्डा, खणा. हा कोपरा घट्ट दगडाचा निवडा, तांबडी पट्टी किंवा सुटा कडा जवळ नको. ५ एचपीचा पंप १२ मीटर चढावर तासाला ५०-५५ घनमीटर फेकतो, म्हणजे हे पाणी काढायला सोळा ते अठरा तास. घाई नसेल तर चालेल, लाइन राहील तर. विदर्भात त्या रात्री लाइन जातेच, म्हणून डिझेल पंप तयार ठेवा. मोटारीची केबल पाण्यातून न्यायची नाही, जोड टेपचे नकोत, स्टार्टर वर कोरड्यात.

सक्शन पाइप तळाशी सोडू नका. रिकाम्या ड्रमला बांधून पाण्यावर तरंगता ठेवा. वरचं निथळलेलं पाणी येतं, खालचा गाळ खालीच राहतो. एवढ्यानंच अर्धं काम होतं.

पंपाचं पाणी थेट नाल्यात सोडायचं नाही. नैसर्गिक प्रवाहात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवा. वर सांगितलेल्या पंपासाठी २० मीटर लांब, ५ मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकी ठीक पडते. मध्ये आडवी भिंत घालून दोन कप्पे करा. पाणी एका टोकाला येऊ द्या, दुसऱ्या टोकाला पूर्ण रुंदीच्या काठावरून पातळ ओसंडू द्या. एकाच पाइपातून बाहेर काढलं तर पाणी सरळ रेषेत धावतं, टाकी नावालाच राहते.

दगडाची बारीक पूड, बारीक गाळ, तासाभरात मीटरभर खाली बसतो. चिकणमातीचा कण तेवढंच अंतर उतरायला तीन दिवस घेतो. तुमच्या पाण्यात काय आहे, ते पारदर्शक बाटलीत भरून बघा. तासाभरात वरचा भाग स्वच्छ झाला तर टाकी पुरेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखं दिसलं तर काळी माती कुठूनतरी खड्ड्यात येते आहे. टाकी मोठी करू नका, वर जा आणि ती माती कुठून येते ते शोधा. अगदीच अडलं तर तुरटी, तीही आधी बादलीत वापरून बघून.

टाकीचा गाळ अर्ध्याच्या वर चढू देऊ नका. काढलेला गाळ ढिगाच्या माथ्यावर टाकायचा नाही, तो पुन्हा तिथंच येतो. सुकवून मातीच्या ढिगाआड पसरा.

रस्ता आणि चुरी

टिप्परचा रस्ता सर्वात जास्त चिखल देतो, आणि त्याचा हिशेब कोणी धरत नाही. रस्त्याला मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना नाल्या, आणि उतारावर दर २५-३० मीटरला तिरका, उथळ चर, दगड भरलेला. फाटकाजवळ २० मीटर जाड गिट्टी पसरा, चाकांचा चिखल तिथं गळतो.

क्रशरची चुरी भिजली की सिमेंटच्या पाण्यासारखी वाहते आणि शेतात गेली तर पानावर नाही, मातीवर थर धरते. तिच्या ढिगाला तीन बाजूंनी दगडी भिंत घाला, आणि पावसाआधी जेवढी विकता येईल तेवढी वीट-ब्लॉकवाल्यांना देऊन टाका. डिझेलच्या टाक्या संपच्या आणि चुरीच्या बाजूला नकोत, खाली पत्र्याची परात ठेवा.

झड लागल्यावर

फाटकावर साधं पर्जन्यमापक लावा, रोज सकाळी ८.३० ला वाचा, वहीत लिहा. सोबत चार गोष्टी: वरचा चर मोकळा आहे का, काठावरच्या खुंट्या, संपची पातळी, टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग. पंधरा मिनिटांचं काम आहे.

गडगडाट ऐकू आला की होलमध्ये दारू भरणं बंद, माणसं खाली उतरवा आणि दूर न्या. मोबाइलवर ‘दामिनी’ ॲप ठेवा, वीज कुठं पडतेय ते कळतं. विदर्भात उघड्या माळावर विजेनं माणसं जातात आणि खदान म्हणजे उघडा माळच.

खदान सोडताना

दगड संपला की खड्डा पाण्यानं भरतो आणि दुपारी पोरं पोहायला येतात. उभ्या कड्याच्या पाण्यात पडलेल्याला बाहेर यायला हात धरायला काही नसतं. म्हणून एका बाजूनं तरी, जिथून टिप्पर उतरायचे तो रॅम्प, मोडू नका. पाण्याखालीही दहा-पंधरा मीटर जाईल असा सौम्य ठेवा. बाकी बाजूंना काठापासून ३ मीटर मागं मुरमाचा बांध घालून त्यावर घायपात आणि बोर लावा. तारेचं कुंपण दोन वर्षांत चोरीला जातं, काटेरी झुडूप जात नाही. वरच्या अंगाचे बेंच तसेच ठेवून त्यांवर साठवलेली काळी माती पसरा. वरचा चर मात्र बुजवू नका, आणि ग्रामपंचायतीला तो कुठून कुठं जातो हे दाखवून द्या, कारण दर वैशाखात तो आता त्यांनाच उपसायचा आहे.